दोनदा वाचणारे डॉक्टर

हॉस्पिटलला पुढून चांगलं ऐसपैस दार होतं, पायऱ्या होत्या, सलाम करणारा वॉचमन होता. पण आमचे डॉक्टर यायचे ते मागून, धोबीखान्याच्या दाराने. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हाताने ओल्या चादरी बाजूला सारत, दोरीखालून वाकून यायचे आणि मागच्या जिन्याने थेट आपल्या अंधाऱ्या खोलीत शिरायचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांना धोबीखान्यातला माणूस समजले आणि "दोन नंबर वॉर्डाचे गाऊन अजून आले नाहीत हो," असं जरा चढ्या आवाजात सुनावलं. "बघतो," म्हणाले, आणि खरंच जाऊन बघून आले. "वाळतायत," म्हणाले. दुपारी कळलं की हे एक्स-रे वाचणारे मोठे डॉक्टर, आणि मी ज्या अभ्यासात कामाला लागलेय त्याचे वाचकही हेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना मात्र त्यात काही विशेष घडलं असं वाटलेलंच नव्हतं.

मागच्या दाराचं कारण हळूहळू कळलं. पुढे बाकड्यांवर पेशंट बसलेले असायचे आणि डॉक्टरांना त्यांची तोंडं बघायची नव्हती. शिष्टपणा नव्हता तो. तोंड बघितलं की माणूस आजारी आहे की धडधाकट याचा अंदाज मनात येतो, आणि मग फोटो वाचताना तो अंदाज मध्ये येतो, असं त्यांचं म्हणणं. "दिसलं ते लिहायचं, वाटलं ते गिळायचं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कधी नाइलाजाने पुढच्या कॉरिडॉरमधून जावं लागलंच तर भिंतीकडे तोंड करून, खालच्या पिवळ्या पट्टीवर नजर ठेवून, खेकड्यासारखे आडवे चालत जायचे. नवी माणसं वळून वळून बघायची. जुन्या नर्स सांगायच्या, "बघू नका तिकडं, त्यांना त्रास होतो."

अभ्यास म्हणजे काय ते तेव्हा मलाही धड कळत नव्हतं, आणि मजा म्हणजे तो रोज लोकांना समजावून सांगणं हेच माझं काम होतं. फोटोची गाडी कर्जतकडच्या गावांत जायची, मिरजगावच्या शाळेपुढे उभी राहायची, आणि आम्ही लोकांच्या छातीचे एक्स-रे काढायचो. गावात त्याला फोटोच म्हणतात. तोच फोटो एक कॉम्प्युटर वाचणार आणि एक डॉक्टर वाचणार, मग कोण किती बरोबर ते बघायचं. डॉक्टरांना नाव, गाव, वय, खोकला आहे की नाही, काही म्हणजे काही सांगायचं नाही. फोटोवर फक्त नंबर. नंबर कुणाचा, ती यादी माझ्या कुलूपबंद कपाटात.

हे सगळं संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगावं लागायचं. एका आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी डॉक्टरला दिसत न्हाई व्हय?"

"दिसतं हो आजोबा. फक्त तुमचं नाव दिसणार नाही."

"मंग त्याला कसं कळंल ही छाती माजी हाय?"

"ते त्यांना कळायचंच नाहीये."

"आन मला कोन सांगनार माज्या छातीत काय हाय ते?"

"मी सांगणार."

"तुला येतो फोटू वाचता?"

"नाही."

आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि माझी कीव येऊन सही केली. त्या गावात पुढे बरेच दिवस अशी बातमी होती की नगरला एक आंधळे डॉक्टर आहेत आणि ते हाताने चाचपून फोटो वाचतात. मी दोनदा खुलासा केला. मग सोडून दिलं.

कॉम्प्युटरला डॉक्टर "नवा जावई" म्हणायचे. त्याच्यासाठी वेगळी खोली, नवा एसी, दाराला पडदा. डॉक्टरांच्या खोलीतला पंखा मात्र कटकट आवाज करत फिरायचा. "जावयाने काय म्हटलं ते मला सांगू नका," अशी रोजची ताकीद. त्याचा राग नव्हता त्यांना. एकदा म्हणाले, "त्याचं एक बरंय. तोच फोटो दहा वेळा दाखवा, दहा वेळा तेच सांगेल. चुकला तर दहा वेळा एकसारखा चुकेल. मी दर वेळी वेगळा चुकतो." हे ते कौतुकाने म्हणत होते की दुःखाने, ते मला कळलं नाही. विचारावंसं वाटलं, पण उत्तराने आणखी गोंधळ होईल म्हणून गप्प बसले.

माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. दोन वर्षं मी त्यांची "समन्वयक" होते. "समन्वयक, चहा झाला का?" "समन्वयक, छत्री आणलीत का?" गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. तुमच्या गावचे, भावकीतले लोक फोटोत असतील, मला ते कशाला माहीत व्हायला हवं, असा हिशेब. आधी मला अपमान वाटायचा. मग सवय झाली. घरी कुणी नावाने हाक मारली तर क्षणभर वेगळंच वाटायचं.

कॅन्टीनमधला अण्णा त्यांना वैतागला होता. त्यांना एकाच किटलीतला चहा दोन कपांत लागायचा, आणि मध्ये अर्धा तास जायला हवा. पहिला कप पिऊन ते खिशातल्या वहीत काहीतरी लिहायचे, दुसरा कप पिऊन परत लिहायचे, मग दोन्ही ताडून बघायचे. "काय बघता हो?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "माझं माझ्याशी जमतं का ते." त्या दिवशी पहिल्याला 'गोड कमी' लिहिलं होतं आणि दुसऱ्याला 'गोड जास्त'. अण्णा म्हणाला, "साहेब, दुसरा थंड झाल्ता." डॉक्टरांनी ते वाक्यही वहीत लिहून घेतलं.

घर त्यांचं संगमनेरला. नगरला आठवड्यातले चार दिवस हॉस्पिटलच्या क्वार्टरवर राहायचे. एकदा सहीसाठी मला संगमनेरला जावं लागलं तेव्हा काकूंची ओळख झाली. काकू म्हणजे त्यांच्या बायको, बोलायला एकदम मोकळ्या. मी चहाच्या दोन कपांचं सांगितल्यावर हसून म्हणाल्या, "अगं, मला बघायलासुद्धा हे दोनदा आलेत. पहिल्यांदा पोहे खाल्ले, पसंत म्हणाले. दोन महिन्यांनी परत आले. आमच्याकडे वाटलं, याद्या करायला आले असतील. तर म्हणाले, पहिल्यांदा बघितलंच नव्हतं असं समजा आणि मुलीला परत बोलवा."

"मग?"

"मग काय. परत पोहे. आणि या खेपेला म्हणाले, नक्की सांगता येत नाही. माझे वडील लालबुंद झाले. मीच आतून म्हटलं, पहिलं धरा."

बाहेर ओट्यावर पेपर वाचत असलेले डॉक्टर म्हणाले, "खरं तर तिसऱ्यांदा बघायला हवं होतं."

"बघताय की रोज," काकू म्हणाल्या.

आमच्या अभ्यासातही नेमकं हेच होतं. डॉक्टरांनी सगळे फोटो एकदा वाचायचे. दीड महिना मध्ये जाऊ द्यायचा. मग तेच फोटो नवे नंबर टाकून, पत्ते पिसतात तसे पिसून, परत त्यांच्यापुढे ठेवायचे. त्यांना माहीत असायचं की हे तेच आहेत, पण कुठला कुठे ते माहीत नसायचं. यावरून माणूस स्वतःशी किती जमवून घेतो ते मोजतात. आणि नियम असा: पेशंटला जे कळवायचं ते पहिल्या वाचनावरून. पहिल्यांदा "बघायला हवं" असं आलं तर त्याला बोलावून पुढच्या तपासण्या. दुसरं वाचन फक्त मोजण्यापुरतं, त्यावरून कुणाला काही कळवायचं नाही. हा नियम डॉक्टरांनीच लिहिला होता. काकूंनी आतून सांगितल्यामुळे लिहिला की काय, अशी मला शंका आहे.

आता माझ्या आत्याबद्दल सांगते. माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. मला वाढवलं ते आत्याने, वडलांच्या थोरल्या बहिणीने. ऊसतोडीला जाताना मला बरोबर न्यायची, पाचटाच्या खोपीत निजवायची, आणि शाळा बुडते म्हणून पुढे मला मावशीकडे ठेवून एकटी जायची. मी पदवीधर झाले ती तिच्या हाताला पडलेल्या घट्ट्यांवर. गाडी आमच्या गावाजवळ आली तेव्हा अभ्यासाला शेवटची तीन माणसं कमी पडत होती. मी आत्याला उभं केलं. घरचं माणूस घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मी कुणाला विचारलंही नव्हतं. पहिलं वाचन आलं: काही नाही. मी तिला फोन करून सांगितलं, तुझी छाती चकाचक आहे. ती म्हणाली, "मंग. खोकला काय धुराचाच हाय."

दिवाळी झाली. दुसऱ्या वाचनाचे कागद माझ्या टेबलावर आले आणि मी ते कॉम्प्युटरमध्ये भरायला बसले. नवे नंबर मीच टाकलेले, यादी माझ्याच हातची. पाठ करायची नव्हती, पण एक नंबर पाठ होता. त्या नंबरापुढे डॉक्टरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: उजवीकडे वर, गळपट्टीच्या हाडामागे सावली. बघायला हवं.

तो कागद मी चार वेळा वाचला. पहिला कागद काढला, तो वाचला. फोटो तोच, डॉक्टर तेच. एकदा काही नाही, एकदा सावली. आता खरं कुठलं? आणि आत्याची टोळी परवा निघणार होती. ट्रॅक्टर ठरला होता, मुकादमाला शब्द दिला होता. एकदा गेली की पाच महिने उसाच्या फडात, कुठल्या तालुक्यात तेही धड ठाऊक नसतं. नियम सांगत होता, गप्प बस. गप्प बसले असते तर उद्या माझ्या तोंडात घास गेला नसता. तिला सरळ फोन करावा तर काय सांगू? तुझी छाती चकाचक आहे असं मीच सांगितलेलं. आणि वर, नियम मोडल्याचं पुढे आलं तर नोकरी. मला काही सुचेना. मी उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"सर, एक फोटो आहे."

"नंबर सांगू नका."

"सर, माझ्या..."

त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्याने एकोणतिसाचा पाढा सुरू केला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. मी तिथेच उभी राहून रडायला लागले. पाढा दोनशे एकसष्टपर्यंत गेला आणि थांबला.

"तुम्ही रडताय का?"

"हो."

"मग जरा थांबा. ते मला दिसायला नको." त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आता बोला. नाव नको, नंबर नको, बाई की बुवा तेही नको."

मी त्यांच्या पाठीशी बोलले. सांगितलं की एका फोटोला पहिल्यांदा काही नाही आणि दुसऱ्यांदा बघायला हवं असं आलंय, आणि ती व्यक्ती परवा पाच महिन्यांसाठी जाणार आहे.

"जाणार आहे हे सांगायला नको होतं," ते म्हणाले. "असा एकच आहे?"

"मोजले नाहीत, सर."

"मोजा."

मी जाऊन मोजले. आधी काही नाही आणि नंतर बघायला हवं, असे अकरा निघाले. परत येऊन त्यांच्या पाठीला सांगितलं, अकरा.

"अकराही बोलवा."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच राग आला. माझं एक माणूस परवा ट्रॅक्टरवर बसणार होतं आणि हे अकरांची पंगत मांडत होते. "सर, एकालाच बोलवू या ना. बाकीचे नंतर बघू सावकाश."

"एकालाच बोलावलं तर मला कळेल तुम्ही कुणासाठी रडताय. मग मी त्या फोटोत काहीतरी शोधून काढीनच. ते वाचन नाही झालं."

"पण नियमात तर दुसरं वाचन..."

"नियम कुणी लिहिलाय?"

"तुम्हीच."

"मग मी चुकलो. लिहून घ्या." आणि भिंतीकडे तोंड करूनच त्यांनी मला मजकूर सांगितला: वाचकाचा स्वतःशी अकरा ठिकाणी मतभेद. नियम लिहिताना हे लक्षात आले नाही. अकराही जणांना पुन्हा बोलावत आहे. जबाबदारी वाचकाची. खाली सही करताना त्यांनी वरची अकरा नंबरांची यादी हाताने झाकली, चुकून नजर जायला नको म्हणून.

आत्याला फोन केला तर ती आधी फणकारली. "एकदा काडला न्हवं फोटू. चांगला आलाय म्हनलीस की."

"आत्या, परत बघायचाय. सगळ्यांनाच बोलावलंय."

"सगळ्यांना म्हंजी?"

"अकरा जणांना."

"आसं व्हय. मंग येते. एकटीला बोलीवलं आसतंस तर भ्यानंच मेले आसते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकड्यावर दहा जण होते. अकराव्या बाईचा फोन लागत नव्हता. गयाबाई नाव, मिरजगावच्या पलीकडच्या वस्तीवरच्या. मी तीनदा लावला आणि ठेवून दिला. दहा तर दहा, माझी आत्या आली होती, सीटी स्कॅनचं मशीन मोकळं होतं, मला आता दम निघत नव्हता. डॉक्टरांनी खोलीच्या आतूनच विचारलं, "अकरा झाले का?"

"दहा झालेत, सर. एक जण लागत नाही."

"मग थांबा."

"सर, दहा जण ताटकळलेत."

"अकरा म्हणजे अकरा, समन्वयक."

मी पाय आपटत गेले. वस्तीवरच्या दुकानदाराचा नंबर शोधला, त्याने शेजारणीला पाठवलं, शेजारणीने गयाबाईंना शेतातून बोलावलं. दुपारी अडीचच्या एसटीने त्या आल्या, काखेला दीड वर्षाची नात. तोवर माझं डोकं तापलेलं. "केव्हापासून वाट बघतोय आम्ही, फोन कशाला ठेवता मग," असं मी त्यांच्यावर खेकसले. त्या म्हणाल्या, "चार्जिंग न्हवतं, बाई," आणि बाकड्याच्या कडेला टेकल्या.

आणि मग कधी न झालेली गोष्ट झाली. डॉक्टर खोलीच्या पुढच्या दाराने बाहेर आले. भिंतीकडे न बघता, सरळ त्या अकरा माणसांसमोर येऊन उभे राहिले. कुणाकडे बघावं ते त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत बोलले. "मी तुमचे फोटो दोनदा वाचले. एकदा म्हटलं, काही नाही. एकदा म्हटलं, काहीतरी आहे. दोन्ही वेळेला मीच होतो. यातलं कुठलं खरं ते मला माहीत नाही. म्हणून बोलावलं. आता मी वाचणार नाही, माझे एक मित्र वाचतील."

मग एक म्हातारे म्हणाले, "डॉक्टर, आमी आजारी हाय का तुमी?"

"बहुतेक मी," डॉक्टर म्हणाले.

आत्या माझ्या कानाशी लागली. "ह्यो मानूस लई खरं बोलतोय का येडा हाय गं?" मी म्हटलं, मला दोन वर्षांत कळलेलं नाही.

अकराही स्कॅन झाले. संगमनेरहून आलेल्या त्यांच्या डॉक्टर मित्रांनी ते संध्याकाळच्या आत वाचले. आत्याचं नाव आलं: जुना, भरून आलेला व्रण, बाकी काही नाही. ती सावली म्हणजे तो व्रणच होता. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले, तोंड धुतलं आणि हसतच बाहेर आले. आत्या तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर बसून गेली.

नऊ जणांना काहीच निघालं नाही. गयाबाईंना क्षय निघाला. सुरुवातच होती, पण होता. नात रोज त्यांच्याच कुशीत झोपायची. दोघींचीही तपासणी झाली, नातीला अजून काही झालेलं नव्हतं. गयाबाईंची औषधं त्याच आठवड्यात सुरू झाली. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण आदल्या संध्याकाळी आत्याचा निकाल ऐकल्यावर पुढचे निकाल ऐकायला मी थांबलेच नव्हते.

पुण्याच्या मुख्य ऑफिसातून एक मॅडम आल्या. चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. "सर, नियम तुम्हीच लिहिला आणि तुम्हीच मोडलात," म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "मोडला नाही. दुसऱ्यांदा वाचला." मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. अभ्यासाला दुसरे वाचक आले. नवा नियम झाला, की दुसऱ्या वाचनात काही दिसलं तरी माणसाला बोलवायचं. डॉक्टर निवृत्त होऊन संगमनेरला गेले. जाताना मी वाकून नमस्कार केला. वाटलं, आता तरी नाव विचारतील. ते म्हणाले, "जपून राहा, समन्वयक," आणि धोबीखान्याच्या दाराने गेले.

मी त्यांचा खूप विचार केलाय आणि अजून माझा गोंधळ आहे. त्यांना त्या अकरा माणसांची काळजी होती, की आपल्या दोन वाचनांचा मेळ बसत नाही एवढंच खुपत होतं? मी समोर उभी राहून रडत होते तर माझ्याकडे बघितलं नाही. गयाबाई राहिल्या तर "अकरा म्हणजे अकरा". त्यात माया कुठे होती ते मला शोधूनही सापडत नाही. आणि मी, जिच्याकडे सगळी नावं होती, जिच्यात माया नुसती ओसंडून वाहत होती, ती मी दहांवरच भागवायला निघाले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

औषधांचा कोर्स संपल्यावर गयाबाई शेवटच्या तपासणीला आल्या. अंग भरलं होतं, नात चालायला लागली होती. पिशवीतून त्यांनी शेंगा काढल्या, माझ्या टेबलावर ढीग केला. आत्या फडावरून परत आली होती आणि आमच्या पोरीने तुमच्यासाठी डॉक्टरशी भांडण केलं, असं तिने गयाबाईंसकट सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गयाबाई माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मला येक सांग बाई. येवड्या मानसांत तुला माजीच काळजी कशी गं वाटली? तीनतीनदा फोन लावलास, दुकानदाराला पळीवलंस. माजं तर कुनी न्हाई इतं."

हो म्हणून सोडून देता आलं असतं. त्या शेंगा बघून माझ्याच्याने तसं म्हणवेना. मी म्हटलं, "मावशी, मला तुमची काळजी नव्हती. मी माझ्या आत्यासाठी रडत होते. तुमचा फोन लागला नाही तेव्हा मी तुम्हाला सोडून देणार होते. डॉक्टरांनी सोडू दिलं नाही."

गयाबाई रागावल्या असतील असं वाटून मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "त्यो डॉक्टर मला वळखत हुता का?"

"नाही. तुमचं नावही त्यांना ठाऊक नाही. आजही नाही."

"आन तू वळखत हुतीस."

"हो," मी म्हटलं. "माझ्याकडे यादी होती."

त्यांनी मान हलवली, एक शेंग फोडून नातीच्या हातात दाणे दिले, आणि उरलेल्या शेंगांचा ढीग दोन्ही हातांनी माझ्याकडे आणखी सरकवला.